तुळशीला चिखल्या होतात तेव्हा

वेणूताईंच्या बंगल्यामागच्या एका खोलीत छबू नावाची इवलीशी मुलगी आणि तिची आई पारू राहत होत्या. आईने बंगल्यातली धुणीभांडी करायची, छबूने बागेतल्या कुंड्या सांभाळायच्या आणि त्या बदल्यात खोली वापरायची, असं ठरलं होतं. जगात त्यांना दुसरी जागा नव्हती.

बाग मात्र राजकन्येला शोभेल अशी होती. लालचुटूक जास्वंद, शेंदरी अबोली, पांढराशुभ्र मोगरा. आणि अंगणाच्या मधोमध, पिवळ्याधमक रंगवलेल्या कुंडीत, गल्लीतली एकुलती एक तुळस. ती वाळत चालली होती.

"तुळस वाळते म्हणजे घराला काहीतरी बाधतंय," वेणूताई म्हणाल्या. "आणि यंदा इथे नवीन कोण आलं? तुम्ही दोघी. तुळशीच्या लग्नापर्यंत ती हिरवी झाली नाही, तर दुसरीकडे बघा."

"बाई, पोर सारखी कुंड्यांपाशीच असते हो," आई म्हणाली.

"असते ना? मग वाळते कशी?"

आईला उत्तर माहीत नव्हतं. गल्लीतल्या बायकांनाही नव्हतं, पण उपाय सगळ्यांना माहीत होता. रोज सकाळी आंघोळ करून त्या ओळीने येत आणि एकेक तांब्या पाणी तुळशीला घालत. ती वाळायला लागल्यापासून दोन घालत. भक्ती वाढत गेली, तुळस वाळत गेली.

एका दुपारी छबू साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून जास्वंदीची पानं पुसत होती. पानांखाली कापसासारखी पांढरी कीड बसली होती. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात एक कीड बोलली.

"हळू गं! मी कीड नाही."

छबूने वाकून पाहिलं. बोटाएवढी एक पिटुकली परी पानाला चिकटली होती. तिचे सोनेरी पंख किडीच्या चिकट रसात पार माखले होते. छबूने फडक्याचं स्वच्छ टोक शोधलं आणि फुंकर घालत घालत पंख पुसले. ते इंद्रधनुष्यासारखे झळाळले.

"गुणी आहेस," परी म्हणाली. "तीन इच्छा माग. पण नियम आहेत." पऱ्यांच्या राज्यातही नियमांशिवाय काही मिळत नाही. "इच्छा फक्त झाडांसाठी. आणि झाडाला काय झालंय ते आधी आपण बघायचं. न बघता मागितलेली इच्छा वाया जाते."

छबूने जास्वंद पुन्हा नीट पाहिली. खोडावरून मुंग्यांची रांग चढत होती आणि कीड पानोपानी पोचवत होती. "परीताई, कीड जाऊ दे. आणि मुंग्यांनाही दुसरीकडे काम दे." चंदेरी चांदणचुरा उडाला आणि जास्वंद लखलखली.

मग पिवळ्या पानांचा मोगरा. त्याची मुळं कुंडीत गोल गोल फिरून थेट बाहेर डोकावत होती. "याला मोठं घर दे," छबू म्हणाली. मोगऱ्याला मोठी कुंडी मिळाली. छबूला स्वतःला एक खोलीही टिकवता येत नव्हती, पण हा विचार तिला सुचला नाही.

मग ती तुळशीपाशी गेली. मातीत बोट घातलं, तर चिखल, आणि कुबट वास. कुंडी कलती करून पाहिली. दर लग्नाआधी कुंडी रंगवायची पद्धत होती, आणि रंगाऱ्याने श्रद्धेने बुडालाही रंग फासला होता. थरावर थर चढून पाणी जायचं भोक बुजलं होतं. छबूने फांदी नखाने हलकेच खरवडली. आत हिरवं होतं.

"सोपं आहे," परी म्हणाली. "ही घेऊन जाते. हिच्या जागी हिरवीगार दुसरी ठेवते. कुणाला कळायचं नाही."

"पण ही जिवंत आहे."

"खोली जाईल बाळा तुमची."

छबूचे डोळे भरून आले. "तरी हिलाच बरी कर ना."

"मला देता येतं," परी खिन्नपणे म्हणाली. "हिला तर कुणी काही न देणं हवंय. लोकांचे हात धरणं परीच्या कामात बसत नाही."

"मग मीच सांगते," छबू म्हणाली. तिने खिळ्याने बुडाचं भोक मोकळं केलं. काळंकुट्ट पाणी भळाभळा वाहून गेलं.

सकाळी ती तुळशीपुढे उभी राहिली. "काकू, पाणी नका घालू."

"अगं बाई, ऐकलंत का!" रांगेत पहिल्या असलेल्या सगुणाकाकूंनी तांब्या कमरेवर टेकवला. "माझी सासू घालायची, मी घालते. तू कोण गं, तुळशीची आई?"

"काकू, धुणं धुऊन धुऊन तुमच्या पायांना काय झालंय?"

"चिखल्या. त्याचं काय?"

"हिचेही पाय सारखे पाण्यात असतात. हिलाही चिखल्या झाल्यात."

काकूंनी आपल्या पायांकडे पाहिलं, मग तुळशीकडे. तांब्या खाली आला.

"आणि नाही जगली तर?" वेणूताईंनी ओसरीवरून विचारलं.

"तर आम्ही जाऊ," छबू म्हणाली. "पण तोवर कुणी पाणी घालायचं नाही. माती वाळली की मी घालेन."

पुण्य बुडू नये म्हणून तिने प्रत्येकीला एकेक झाड नेमून दिलं. सगुणाकाकूंच्या वाट्याला निवडुंग आला, म्हणजे बहुतेक दिवस सुट्टीच.

लग्नाचा दिवस उजाडला. उसाचा मांडव सजला, पणत्या उजळल्या. तुळस काही डेरेदार झाली नव्हती. पण काटक्यांवर ठिकठिकाणी पोपटी, नाजूक पालवी फुटली होती.

"नवरी फारच बारीक बाई," कुणीतरी म्हणालं.

वेणूताईंनी चष्मा चढवून फांदी न् फांदी तपासली. "बारीक असू दे. जिवंत आहे." मग म्हणाल्या, "पारू, पुढल्या वर्षी ऊस तुझ्या गावाकडून आण. हा अगदीच किडका आहे."

"पुढल्या वर्षी? म्हणजे आम्ही इथेच राहायचं, बाई?"

"मग लग्न काय मी एकटी लावणार?"

आईने पदर डोळ्यांना लावला. मंगलाष्टकं सुरू झाली. उसाच्या शेंड्यावर बसून परी कुजबुजली, "छबू, एक इच्छा उरली आहे. स्वतःसाठी मागितलीस तरी चालेल. नियमाकडे मी बघत नाही."

छबूने आईकडे पाहिलं आणि बराच विचार केला. "आता काही सुचत नाही गं, परीताई. दुसऱ्या कुणाला तरी दे."

परी खुदकन हसली आणि सोनेरी, रुपेरी, गुलाबी ठिणग्या उधळत उजेडात विरून गेली. सगळं अंगण क्षणभर झगमगलं.

"मेल्यांनो, मंगलाष्टकं तरी संपू द्या!" सगुणाकाकू मुलांवर ओरडल्या. "मग लावा फुलबाज्या!"