डीपी आणि बोलकी डबी

फार जुनी गोष्ट म्हणा. माणसं विसरली की गोष्ट जुनीच होते. माळावर एक म्हातारी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, होती. तिच्या विजेवर गावाची पाण्याची मोटर चालायची. हसन वायरमन सायकलवरून यायचा, कुंपणाशी उभा राहून तिची घरघर ऐकायचा आणि तेल कमी झालंय हे आवाजावरून ओळखायचा. मग वीज कंपनीनं तिच्यावर स्मार्ट डबी बसवली आणि हसनचं येणं बंद केलं.

"आता काळजी नको, आजी," डबी म्हणाली. "तुझा ताप मी थेट शहरातल्या ऑफिसात कळवते."

"मग कळव बाई लवकर. तेल गळतंय, अंगाची लाही होतेय."

"कळवलं. उत्तरही आलं, तक्रार नोंदवली म्हणून."

"आणि तेल घेऊन कोण येतंय?"

"ते नाही कळवलं त्यांनी."

"मग नोंद ओतू का पोटात, भवाने? मी जळाले तर गावाला पाणी कोण देईल?"

डबी घाबरली. पुन्हा पुन्हा कळवत राहिली. तिकडे ऑफिसातल्या पडद्यावर लाल ठिपका लुकलुकत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कोणीतरी बघत असेल.

भर दुपारी डीपी जळाली. डबीला वीज तिच्याकडूनच मिळायची, म्हणून डबीही मुकी झाली आणि ऑफिसातला लाल ठिपका विझला.

"चला," साहेब म्हणाले, "मिटली एकदाची त्या गावाची तक्रार!"

गावात बायका कोरड्या नळाखाली घागरी मांडून बसल्या होत्या. अजून बसल्यात.