पाहुण्यांचा परिचय

खैरमाळच्या जिल्हा परिषद शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास इंटरनेट सुरक्षेचा असायचा. स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून आलेल्या शिक्षण सभापती ढमालेसाहेबांना तो तास डोळ्यांत खुपत होता.

"बंद करा ते!" भर भाषणात ते तो तास घेणाऱ्या नलावडे बाईंवर गरजले. "सावधपणा रक्तात असावा लागतो. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!"

सातवीतली कार्तिकी उठून उभी राहिली. पाहुण्यांचा परिचय तिनेच करून दिला होता.

"साहेब, परिचयासाठी माहिती हवी म्हणून काल मी तुम्हाला मेसेज केला. नंबर अनोळखी होता, तरी कोण, कुठली, काही न विचारता तुम्ही सगळं कळवलंत. जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, लाडक्या बैलाचं नाव. पासवर्ड विसरला की हेच तर विचारतात!"

"अगं, तू परिचयासाठी मागितलंस म्हणून दिलं!"

"चोरही परिचयासाठीच मागेल, साहेब. म्हणून तर मी यातलं काहीच वाचून दाखवलं नाही. आणि जन्माला यायचं म्हणाल, तर मला आता बारावं चालू आहे."

मांडवात हशा पिकला. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि शेवटी तेही हसले.

"बाई, तास चालू ठेवा. शुक्रवारी मीही येऊन बसतो." मग हळूच कार्तिकीकडे वळून म्हणाले, "पोरी, तेवढं त्या बैलाचं नाव कुणाला सांगू नकोस."

"कुठला बैल, साहेब?" कार्तिकी म्हणाली.