सुईण आणि विहीण

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत सात वाड्या होत्या आणि सात वाड्यांत मिळून सुईण मात्र एकच होती. तिचं नाव केझियाबाई. पण तिला नावानं कोण हाक मारणार? लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. वाड्यांतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जगात आली होती, त्यामुळे पाटलापासून गुराख्यापर्यंत कुणालाही ती हक्कानं रागवायची.

मावशी देवभोळी नव्हती, देवाची होती. दर रविवारी चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसायची, कारण बोलावणं कधी येईल त्याचा नेम नसे. पाळकसाहेबांचा उपदेश तिनं आयुष्यात क्वचितच पुरता ऐकला असेल. पण कुठल्याही घरी बाळंतपणाला गेली, की उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "प्रभू, हात माझे, काम तुझं. आमेन." मग पदर खोचून आत शिरायची.

प्रार्थना छोटी, पण मनापासून. फक्त एक गोष्ट होती. 'काम तुझं' असं म्हणून झाल्यावर मावशी ते काम देवाकडेही सोडत नसे आणि माणसांकडेही. खोलीतल्या सगळ्या बायांना बाहेर काढायची. "गर्दी नको. तुमच्यानं काही व्हायचं नाही." पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले होते, "मावशी, हाताखाली एखादीला शिकवा की!" मावशी म्हणाली, "कुणाला शिकवू साहेब? एकीला धीर नाही, दुसरीला अक्कल नाही."

आणि माझी विहीण सारूबाई, तिला दोन्ही नाहीत, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

मावशीची एकुलती एक लेक दीना घाटापलीकडच्या गावी दिली होती. सारूबाई दीनाची सासू. बाई मनानं वाईट नव्हती, पण तोंडानं फटकळ आणि हातांनी भलतीच धांदरट. तिच्या घरी चहाचे कप कधी सहाच्या सहा दिसले नाहीत. तेव्हा दीनाला दिवस गेले, तसं मावशीनं लेकीला निक्षून सांगितलं, "वेळ आली की मला आणायला माणूस पाठव. मी आल्याशिवाय तुझ्या सासूला खोलीत पाऊल टाकू देऊ नकोस."

एके दिवशी न्याहारीच्या वेळी जावई छकडा घेऊन दारात आला. त्याचं नाव शांतवन, पण त्या दिवशी त्याच्या तोंडावर शांती नावाला नव्हती.

"मामी, चला! पहाटेपासून कळा येतायत."

मावशीनं झोळी उचलली. कात्री, दोरा, स्वच्छ फडकी, एरंडेलाची बाटली, सगळं तयारच होतं. छकडा धुळीचे लोट उडवत घाटाकडे निघाला. मावशी गाडीत बसून पुटपुटत होती, "प्रभू, दीनाला सांभाळ. मी पोचेपर्यंत सांभाळ." जणू काही पोचल्यावर पुढचं ती स्वतःच बघून घेणार होती.

घाटाच्या पायथ्याशी रस्त्याचं काम चाललं होतं. खडी फोडणाऱ्या माणसांची चार पालं तिथं उभी होती. परमुलखातली माणसं, ना कुणाच्या ओळखीची, ना पाळखीची. एक तरुण गडी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. बैल बिचकले.

"आई," तो मावशीला म्हणाला, "इथं जवळपास कुणी सुईण आहे का? माझी बायको कालपासून अडलीय. कुणाला विचारू तेच कळंना झालंय."

मावशीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. या माणसानं तिला कधी पाहिलं नव्हतं. "ठाऊक नाही बाबा," एवढं म्हटलं असतं, तरी छकडा पुढं गेला असता. त्याला खरं कधी कळलंही नसतं. घाटापलीकडे तिची स्वतःची लेक तिची वाट पाहत होती. पहिलटकरीण.

"मामी, थांबायचं नाही हं," शांतवन हलक्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात पालातून एक कण्हणं ऐकू आलं. थकलेलं, हरलेलं. मावशीनं आयुष्यभर ती कण्हणी ऐकली होती. हे कशाचं, ते तिला बरोबर कळलं.

"सुईण एकच आहे, बाबा," ती म्हणाली, "आणि ती ही तुझ्यासमोर बसलीय."

ती छकड्यातून उतरू लागली, तसा शांतवन उसळला. "मामी! दीना तुमच्या पोटची पोरगी आहे. ही कोण आपली?"

"कुणाच्यातरी पोटचीच आहे ना रे?"

"मग तिला गाडीत घ्या, घरी नेऊ."

मावशी पालात डोकावून आली. तिचा चेहरा उतरला होता. "हिला हलवता यायचं नाही. मूल पायाळू आहे. पाय खाली, डोकं वर. मी गेले तर दोघंही जायची." तिनं जावयाच्या हातावर हात ठेवला. "तू पुढं हो. दीनाला एकटी ठेवू नकोस. तिला सांग, आई निघालीय. इथलं आटपलं की पायी येते."

शांतवननं बैलांना चाबूक दाखवला. छकडा घाटाच्या पहिल्या वळणाआड गेला आणि चाकांचा आवाजही गेला.

मावशी पालाच्या तोंडाशी उभी राहिली. डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, हात माझे, काम तुझं." पण त्या दिवशी त्या शब्दांत जीव नव्हता. ती आत गेली, पाणी तापवायला सांगितलं, पोरीच्या पोटावर हात ठेवला. हात तिथं होते, मन घाटापलीकडे. आत्ता दीनाला काय होत असेल? सारूबाई काय गोंधळ घालत असेल? फडकं हातातून निसटलं. एरंडेलाची बाटली कलंडली. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अडलेल्या पोरीनं तिच्याकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "आई, मी वाचणार ना?"

मावशीला स्वतःची लाज वाटली.

"आलेच," म्हणून ती बाहेर आली. समोर घाट उन्हात तळपत होता. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि लहान मुलासारखी रडली. मग जन्मात केली नव्हती अशी प्रार्थना तिनं केली. डोळे मिटले नाहीत, घाटाकडे पाहत उघड्या डोळ्यांनी केली.

"प्रभू, मला वाटायचं, मी तुझ्यावर भरवसा ठेवते. कुठला भरवसा! मी जिथं असते तिथंच मी तुला सोबतीला बोलवत आलेय. आज तिकडे मी नाही. माझी दीना तुझ्या ओटीत घालते. तिथं काम तुझं आणि हातही तुझेच. कुणाचे वापरायचे ते तूच ठरव. वाटलं तर सारूबाईचे वापर. माझं काही म्हणणं नाही."

हे शेवटचं वाक्य बोलायला तिला सगळ्यांत जड गेलं. पण ते बोलून झालं आणि मन एकदम हलकं झालं. घाट तिथंच होता, अंतर तेवढंच होतं, बातमी काही आली नव्हती. तरी डोक्यावरची मोळी कुणी उतरवून घ्यावी तसं तिला वाटलं.

ती आत आली. आता तिचे हात तिचे होते. पोरीच्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "वाचणार म्हणजे? चांगली म्हातारी होशील, सुनांना छळशील. आता मी सांगेन तेव्हाच जोर कर. आणि हे बघ, माझ्या हाताला माणूस लागतंय. बाहेर कोण बायका आहेत? या गं दोघी आत!"

स्वतःच्याच तोंडून निघालेले शब्द ऐकून तिला नवल वाटलं. खडी फोडून घट्टे पडलेल्या हातांच्या दोन बाया आत आल्या. एकीनं पोरीची पाठ सावरली, दुसरीनं पाय धरले. घटकेमागून घटका गेली. पाय आले, मग कंबर, मग एक हात, मग दुसरा. शेवटी डोकं. मूल निळंजांभळं, गप्प. मावशीनं त्याला पालथं धरलं, पाठ चोळली, तोंडात बोट फिरवून तोंड साफ केलं. पालात कुणी श्वास घेत नव्हतं.

आणि मग ते मूल असं काही किंचाळलं, की बाहेर बांधलेली गाढवंही ओरडायला लागली.

"मुलगी!" मावशी म्हणाली. "आवाज बघा हिचा. गवंड्यांचा मुकादम होणार ही!"

बाया हसल्या, बाळाची आई हसता हसता रडली, बाप बाहेरच्या बाहेर नाचायला लागला. कुणीतरी मावशीच्या हातात भाकरी आणि गुळाचा खडा ठेवला. तिनं उभ्या उभ्याच दोन घास खाल्ले आणि झोळी खांद्याला लावली. दुपार कलली होती.

"आई, पायी कशाला?" बाप म्हणाला. "माझं गाढव आहे ना! मी सोडून येतो."

मावशीनं गाढवाकडे पाहिलं, गाढवानं मावशीकडे. तिला हसू फुटलं. "आमचा प्रभू येशू गाढवावर बसला, तर मी कोण मोठी लागून गेले? चल, धर ते नीट."

असा तो प्रवास सुरू झाला. वळणावर वळण, गाढव मधेच थांबून गवत खायचं, बाप त्याला शेलक्या शिव्या द्यायचा आणि मावशीकडे बघून जीभ चावायचा. वाटेत दोनदा तिच्या मनात काळजी डोकावली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "ओटीत घातलंय. परत मागायचं नाही."

दिवस मावळायच्या आत गाव दिसलं. पोरासोरांनी आधी पाहिलं आणि गावभर दवंडी पिटली, "मावशी गाढवावर बसून आली! मावशी गाढवावर!"

सारूबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. केस विस्कटलेले, लुगड्याला हळदीचे डाग, पण चेहरा दिवाळीच्या पणतीसारखा.

"आलात का विहीणबाई? अगदी वेळेवर आलात. जेवायच्या!"

मावशी गाढवावरून उतरली. "दीना?"

"आहे की. खीर खातेय. आणि नातू झालाय तुम्हाला. मलाही झालाय म्हणा!"

मावशी ओट्यावरच बसली. "कुणी केलं?"

"मी," सारूबाई म्हणाली आणि तिचा फटकळ आवाज एकदम मऊ झाला. "दुसरं होतं कोण? शांतवन एकटाच परत आला, तेव्हा मी त्याच्यावर भडकले, तुमच्यावर भडकले, देवावरही थोडी भडकले. पण पोर आत ओरडत होती. भडकून किती वेळ बसणार? म्हटलं, देवा, हे हात थरथरतात, कप फोडतात, पण सध्या हेच आहेत. चालवून घे. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, विहीणबाई. माझ्या थोरल्या सुनेच्या वेळी तुम्हाला बोलावलं होतं, तेव्हाही तसंच झालं होतं. तुम्ही सगळ्यांना हाकललंत, मला तेवढं दिवा धरायला ठेवलंत. तेव्हा तुम्ही बोट कसं घातलंत, वेढा डोक्यावरून कसा काढलात, ते मी बघितलं होतं. तसंच केलं."

मावशी उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं विहिणीचे दोन्ही हात हातांत घेतले आणि डोळ्यांना लावले. सारूबाई गडबडून म्हणाली, "अहो, राहू द्या, कांदा चिरत होते!"

आत दीना बाजेवर टेकून बसली होती. आईला पाहताच तिनं तोंड फिरवलं. "मी तुझी किती वाट पाहिली."

"ठाऊक आहे गं," मावशी म्हणाली. "मी वाटेत रडत बसले होते."

"मी पण रडले. पण सासूबाई एवढ्या रागावत होत्या, की रडायला वेळच मिळेना." दीनाला हसू आवरेना. मग तिनं हळूच विचारलं, "ती बाई वाचली का?"

"वाचली. मुलगी झाली. पायाळू होती."

दीना सावरून बसली. मग तिनं आपलं बाळ उचलून आईच्या ओंजळीत दिलं. "तर मग बरं झालं तू थांबलीस. धर. हा तुझ्याशिवाय आला, पण तुझीच वाट बघतोय."

बाहेर त्या गडबडीत गाढवाच्या मालकाला कुणी जाऊच दिलं नाही. शांतवननं त्याला पाटावर बसवलं, स्वतः वाढलं, आणि सकाळच्या बोलण्याबद्दल मान खाली घालून माफी मागितली. दोन नवे बाप मग एकमेकांना आपापल्या लेकरांच्या रडण्याचे आवाज काढून दाखवत बसले.

महिन्याभरानं मावशीच्याच चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा झाला. त्या रविवारी मावशी पहिल्यांदा पहिल्या बाकावर बसली आणि उपदेश शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला. मधेच एका वाडीहून बोलावणं आलं होतं, पण ती उठली नाही. तिनं मागं वळून फक्त मान हलवली आणि दाराजवळच्या बाकावरून झोळी खांद्याला लावून, महिनाभर तिच्या हाताखाली शिकलेली सारूबाई उठली.

तात्पर्य: आपल्या हातातलं काम इमानानं करावं आणि जिथं आपले हात पोचत नाहीत, तिथलं निर्धास्तपणे देवाच्या ओटीत घालावं, त्याच्याकडे हातांची कधीच वाण नसते.