पहिला हात

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे माझं-तुझं म्हणायची सोय नव्हती. शेत सगळ्यांचं, गोठा सगळ्यांचा आणि चूलही सगळ्यांची एकच. गावच्या पुढाऱ्याची चूल तेवढी वेगळी होती, कारण तो म्हणे सगळ्यांची काळजी वाहून दमत असे.

जेवण झालं की पुढारी विचारी, "कसं होतं?" मग एक म्हातारा विणकर सगळ्यांच्या आधी हात वर करी. त्याला नेमलंच होतं त्यासाठी. त्याचा हात दिसला की सगळे आपापले हात वर करून म्हणत, "उत्तम!" आमटी करपलेली असो की भात कच्चा, उत्तर ठरलेलं.

एकदा चुलीवर नवी स्वयंपाकीण आली. तिनं वाढता वाढता विचारलं, "खरं सांगा हं, काय कमी पडतंय?"

एक बाई हळूच म्हणाली, "मीठ गं."

"पोरांना ताक मिळेल का?" एक गडी म्हणाला.

जेवण सुधारलं. मग लोक शेताबद्दल, गोठ्याबद्दलही बोलू लागले. एकदा तोंड उघडलं की ते काय जेवणापुरतं थोडंच उघडतं!

पुढारी मनाशी म्हणाला, "आज मीठ मागतात, उद्या माझी गादी मागतील!" त्यानं शेजारच्या मोठ्या गावातून लाठीवाले बोलावले. पंगतीतलं बोलणं बंद झालं. ज्यांनी विरोध केला, त्यांना बडवून काढलं. स्वयंपाकिणीला चावडीत कोंडलं.

दुसऱ्या दिवशी गाव गोळा केलं. पुढारी म्हणाला, "त्या स्वयंपाकिणीनं गावात फूट पाडली. तिला मोठ्या गावच्या खाणीत धाडायचं. पटत असेल तर हात वर करा."

खाणीत गेलेलं माणूस परत येत नसे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण गावानं हात वर केल्याशिवाय शिक्षा नाही, हा नियम पुढाऱ्यानंच मोठ्या दिमाखात केला होता.

सवयीनं सगळे विणकराकडे बघू लागले. त्यानं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले.

"आजोबा, हात!" पुढारी खेकसला.

"नाही उचलायचा. तिच्या हातचं पोटभर जेवलोय मी. तिला मरायला धाडू? मलाच धाडा हवं तर."

एकही हात हलला नाही. शेवटी पुढाऱ्यानं स्वतःचा हात वर केला, इकडेतिकडे पाहिलं आणि तोच हात खाली घेऊन डोकं खाजवलं.

"तुमच्याच गावाला पटेना, मग आम्ही कुणाला आणि कशाला न्यायचं?" लाठीवाल्यांचा नायक म्हणाला. त्यालाही घरी जायची घाई होती.

चावडीचं दार उघडलं. स्वयंपाकीण बाहेर आली, तसा अख्ख्या गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. पंगतीवरचा पहारा पुढे कितीतरी दिवस राहिला, पण बाई जिवंत घरी आली.

म्हातारा मात्र मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "मला वाटलं रे, मी एकटाच पडतोय!"

आता तात्पर्य विचाराल, तर एवढंच: जुलमाला नुसती लाठी पुरत नाही, आपला हातही लागतो. तो देऊ नये.