पाऊल तिथे पाणी

त्या माळावर पाणी पावलाच्या ठशात उतरत असे, आणि पाऊल जितकं जड तितकं पाणी जास्त.

माळाच्या पोटात एक झरा होता, पण त्याला तोंड नव्हतं. दिवसभर तो जमिनीखाली गप्प असे. ऊन कललं की रोज तेवढंच पाणी वर येई, घोटभर कमी नाही की जास्त नाही. आणि ते येई कुठे, तर कुणाचं तरी काम आवडलं म्हणून कुणी तरी पाय रोवला असेल तिथे. सकाळ झाली की सगळे आपापलं काम मांडून बसत. चंडोल गाणं म्हणे, मोर नाचे, कोळी जाळं विणे. ज्याला जे रुचेल त्याच्यापाशी तो आपलं पाऊल उमटवी. संध्याकाळी ठशात पाणी भरलं की त्यातलं अर्धं काम करणाऱ्याचं, उरलेलं पावलं उमटवणाऱ्यांचं, आणि त्यातही जो आधी आला त्याला अधिक. शिवाय ते पाणी अंगी लागे. पिणारा थोडा जड होई आणि उद्या त्याच्या पावलात आणखी थोडं पाणी येई. हे असं कुणी ठरवलं, असं कासवाला विचारलं तर ते म्हणे, मी आलो तेव्हापासून असंच आहे. तेवढ्यावर विषय संपे.

माळावर हत्ती दोनच होते, आणि खरं सांगायचं तर माळाचं निम्मं पाणी त्या दोघांच्या पायाशी होतं. शंभर उंदरांनी दिवसभर उड्या मारून जे ओढावं ते हत्तीच्या एका ठशात सहज येई. एक गोष्ट मात्र बरी होती. पाय थकत. पहिलं पाऊल खोल उमटे, दुसरं त्याहून उथळ, आणि पाच-सहा झाली की हत्तीचा ठसा सशाच्या ठशाहून फारसा वेगळा राहत नसे. रात्रभर विसावा घेतला की पुन्हा सगळं वजन पायात येई.

दोघांतला सुळेवाला हत्ती रोज सकाळी सोंडेतून एक फुंकर मारी, तिला गाणं म्हणे, आणि त्या गाण्यावर खूश होऊन स्वतःच स्वतःपाशी पाय रोवी. दिवसभराची सगळी पावलं त्याची तिथेच खर्ची पडत. कुणी काही बोलत नसे, कारण तसं करू नये असं कुठे ठरलेलं नव्हतं.

दुसरी हत्तीण. तिला सगळे थोरली म्हणत. झऱ्यावर कुणाचा विश्वास नव्हता, तेव्हा ती या माळावर आली होती. मधल्या वाईट वर्षांत बाकीचे उठून गेले तेव्हाही ती राहिली आणि एका म्हाताऱ्या चंडोलाचं बसलेल्या गळ्याचं गाणं ऐकून रोज त्याच्यापाशी पाय ठेवत राहिली. त्यामुळे तिच्या वजनाबद्दल कुणाच्या पोटात दुखत नसे. ती संथपणे माळभर फिरे, खरोखर ऐके, खरोखर पाही आणि मगच पाऊल टाकी. इतकी सरळ हत्तीण असूनही माळाचा विचका होत चालला होता, आणि तो तिच्या डाव्या कानामुळे.

थांबण्याआधी तिचा डावा कान किंचित हले. हे पहिल्यांदा मुंगसाने हेरलं. कान हलला की ते धावत पुढे जाऊन आपला पाय आधी उमटवी, मागून थोरलीचं पाऊल पडे, आणि संध्याकाळी आधी आल्याचा वाटा मुंगसाला मिळे. अशी गोष्ट लपून राहत नाही. पंधरा दिवसांत अख्खा माळ शहाणा झाला. काम पाहत कुणी हिंडेनासं झालं. सगळे थोरलीच्या कानाकडे पाहत हिंडू लागले. कान हलला की अशी झुंबड उडे की गाणाऱ्याला गाणं सोडून जीव वाचवावा लागे. गाणारेही काही कमी नव्हते. हत्तिणीला ऊस आवडतो असं कुणी तरी बोललं, आणि माळावरची झाडून सारी गाणी उसाची झाली. ज्यांनी जन्मात ऊस पाहिला नव्हता तेही पेरांच्या गोडव्याचं वर्णन करू लागले.

या सगळ्यात टिटवीचे हाल झाले.

टिटवीला गाता येत नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. तिचं काम खबर देण्याचं. उजाडायच्या सुमारास ती माळावर एक फेरी मारी आणि खणखणीत आवाजात सांगे, धामण आज बाभळीकडे सरकली आहे, उत्तरेकडचा उतार आतून पोकळ झाला आहे, तिकडे बिळं करू नका. सगळे कान देऊन ऐकत. धामणीची वाट टाळत, उतार टाळत, आणि मग थोरलीचा कान पाहायला निघून जात. टिटवीपाशी पाय ठेवायचं कुणालाच सुचत नसे. तिच्या स्वतःच्या तीन बोटांच्या ठशात थेंबभर पाणी येई. चोच ओली होण्यापुरतं.

एरवी तिने तेवढ्यावर भागवलं असतं. पण त्या उन्हाळ्यात खडकाळ जागी, उघड्यावर, तिची चार अंडी होती. टिटवी अंडी उबवते हे खरं, पण भर उन्हाळ्यात ती अंडी निववतेही. पोटाची पिसं पाण्यात भिजवायची, धावत यायचं आणि ओलं पोट अंड्यांवर टेकायचं, नाही तर तापल्या खड्यांत अंडी शिजून जातात. थेंबाने पोट भिजत नाही. टिटवा आणि ती आळीपाळीने पंख पसरून सावली धरत होते, पण सावली तरी किती पुरणार?

"दुसऱ्या माळावर जाऊ या का?" टिटवा म्हणाला. तो स्वभावाने भित्रा होता.

"आणि अंडी काय पाठीवर घेऊन जाऊ?" टिटवी म्हणाली.

त्याच दिवशी ते धोंड्याचं प्रकरण झालं. फिरता फिरता थोरलीच्या पायात काटा रुतला. वेदनेने तिचा कान हलला, आणि तिने तो पाय एका साध्या, काळ्या धोंड्याशेजारी टेकवला. तोवर मुंगूस पोचलं होतं. त्याच्या मागे ससे, तित्तर, उंदीर, सगळा माळ. कुणी विचारलं नाही की इथे काम कुणाचं आणि कसलं. धोंड्याभोवती पावलांचा चिखल झाला. संध्याकाळी माळाचं बहुतेक पाणी त्या धोंड्याभोवती जमलं. धोंडा काही प्यायला नाही. त्याचा अर्धा वाटा उन्हाने प्यायला. दुसऱ्या सकाळी तिघे जण आपापले धोंडे घेऊन माळावर हजर होते, आणि मुंगूस त्यांतल्या एकाला गंभीरपणे सांगत होतं, "तुझा जरा उजळ आहे. काळा बघ."

टिटवीने हे पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती तशीच उडाली आणि बाभळीखाली उभ्या थोरलीच्या समोर जमिनीवर उतरली. हत्तीसमोर टिटवी म्हणजे खडाच, पण तिला त्या क्षणी त्याचं काही वाटत नव्हतं.

"थोरल्या बाई, काल तुम्ही पाय कशावर ठेवलात?"

"ठेवला नाही गं, टेकला. काटा होता."

"तुम्ही टेकलात, आणि अख्खा झरा धोंड्याकडे गेला."

थोरलीला आधी ते समजलंच नाही. मग टिटवीने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. कान, मुंगूस, उसाची गाणी, काळे धोंडे. आवाज खाली आणणं तिला जमत नसे, त्यामुळे ते अर्ध्या माळाने ऐकलं. हत्तीची मान मागे वळत नाही. आपल्या पावलामागे काय होतं ते थोरलीने आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

"ते पुढे पळायचे," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटायचं, यांची नि माझी आवड जुळते. बरं वाटायचं मला."

टिटवीला तिची दया आली आणि रागही तसाच राहिला.

"तुझ्याकडे येऊ का उद्या?" थोरलीने विचारलं.

टिटवीला याच शब्दांची केव्हाची आस होती. पण तिच्या डोळ्यांपुढे ती झुंबड आली, आणि त्या झुंबडीच्या पायांखाली उघड्यावरची चार अंडी. "नको," ती म्हणाली. "तुम्ही आलात की ते सगळे येतील. मग निववायला काही उरणारच नाही."

"मग काय करू?"

"ते मला माहीत नाही, बाई. मी फक्त खबर देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली बाभळीखालून हललीच नाही. दोन्ही कान मानेला घट्ट चिकटवून ती उभी राहिली. माळ तिच्याभोवती जमला. वाट पाहिली, खाकरून पाहिलं, एकाने उसाचं गाणं तिच्या अगदी पायाशी जाऊन म्हटलं. कान हलेना. ऊन चढू लागलं तशी सगळ्यांची चलबिचल सुरू झाली, कारण दिवस गेला आणि कुठेच पाय ठेवला नाही तर संध्याकाळी कोरडं राहायची पाळी. शेवटी एकेक जण नाइलाजाने पांगला आणि माळावर काय काय मांडलं आहे ते पाहू लागला. कित्येकांनी बऱ्याच दिवसांत असं काही पाहिलं नव्हतं. कोळ्याच्या जाळ्यासमोर एक तित्तर तर तोंड उघडं टाकून उभा राहिला.

मुंगूस हिंडत हिंडत टिटवीच्या खडकाळ जागेपासून दहा हातांवर आलं आणि तिथेच घुटमळलं.

"तुम्ही उताराचं सांगितलंत ना, म्हणून मी बीळ हलवलं," ते म्हणालं. "काल दुपारी जुनं बीळ खचलं. पोरं आत असती."

"मग काल पाय का नाही ठेवलात, मुंगूसराव?"

"काल कान दुसरीकडे हलला होता," मुंगूस खाली पाहत म्हणालं, आणि त्याने आपला पाय तिथे रोवला. मग एका सशानेही रोवला, मुंगसाचं पाहून नव्हे, तर धामणीची वाट त्याला टाळायची होती म्हणून.

ऊन कलायला आलं तेव्हा थोरली बाभळीखालून निघाली. सोंड जमिनीला लावून, इवले इवले ठसे हुंगत ती चालू लागली. आज तिच्या मागे-पुढे कुणी धावलं नाही. सगळ्यांचे पाय दिवसभरात थकले होते, आणि ती तर इतरांनी आधीच पाय ठेवलेल्या जागीच चालली होती. खडकाळ जागा जवळ येताच टिटवीने पंख फुगवून एकच कल्ला केला. हत्तीण थांबली. जिथे मुंगसाचे आणि सशाचे ठसे होते तिथे, घरट्यापासून दहा हातांवर, तिने दिवसातलं आपलं पहिलं पाऊल टाकलं. अंड्यांखालचे खडे थरथरले, एवढंच.

पाणी वर आलं तेव्हा तो ठसा तळ्यासारखा दिसत होता. टिटवी त्यात उतरली, पोट बुडवून बसली, आणि धावत जाऊन अंड्यांवर टेकली. मग टिटवा गेला. मग पुन्हा ती. चौथ्या फेरीला तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

त्या दिवसापासून थोरली शेवटी निघू लागली. शेवटी येणाऱ्याला वाटा सगळ्यांत कमी, त्यामुळे उन्हाळाभर ती उतरत गेली. तिची कातडी सैल पडली. सुळेवाला रोज आपल्याच खड्ड्यात उभा राहून फुंकर मारी आणि रोज थोडा जड होई. आताशा त्याला त्या खड्ड्यातून बाहेर यायला फार वेळ लागे.

"थोरले, वाळत चाललीस," तो एकदा म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "चालायला बरं पडतं."

माळ काही एका दिवसात देवमाणसांचा झाला नाही. मुंगूस अजून अधूनमधून बाभळीकडे चोरून पाही. एकाने आपला काळा धोंडा अजून जपून ठेवला होता. पण उसाची गाणी कमी झाली, आणि सकाळच्या खबरेपाशी ठसे दिसू लागले. टिटवी हे सगळं वरून पाही आणि टिटव्याला सांगे, की एवढं वजन असलेली बाई रोज एवढा वेळ थांबू शकते यावर आपला पूर्वी विश्वास बसला नसता.

चारांतलं एक अंडं आधीच्या उन्हात गेलं होतं. तीन फुटली. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघालं की पाय वाळायच्या आत चालू लागतं. तिघांतलं एक तर आईने हाक मारायच्या आत माळावर निघालं. ऊन कलतं होतं. थोडं पुढे एक शेणकिडा आपला गोळा घोटून घोटून गोल करत होता. ते तो रोज करी आणि आजवर तिथे कधी कुणी थांबलं नव्हतं. पिल्लू थांबलं. मान तिरकी करून ते त्या गोळ्याकडे पाहत राहिलं.

टिटवीने वर पाहिलं आणि ओरडायला चोच उघडली, कारण पिल्लाच्या बरोबर मागे थोरली येऊन पोचली होती. पण ती ओरडली नाही. थोरलीने पुढचा पाय उचललेला होता आणि तो तसाच हवेत धरून ती उभी होती, कान न हलवता, तीन पायांवर. पिल्लाला काही घाई नव्हती. त्याने गोळा एका डोळ्याने पाहिला, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिला. मग आपला दाण्याएवढा पाय शेणकिड्यापाशी मातीत नीट दाबला, आणि पुढे चालू लागलं.

ते चार पावलं लांब गेल्यावर थोरलीने आपला पाय त्या इवल्या ठशाशेजारी हळूच खाली ठेवला.