शिंपिणीचा लाल टाका

माणसांनी दुकानांवर पाट्या लावायला सुरुवात केली, त्याच्याही आधीची गोष्ट. रानात एक शिंपीण पाखरू होतं. ती पानं शिवून घरटी करायची आणि प्रत्येक घरट्याच्या तोंडाशी लाल टाका घालायची. तो टाका दिसला की पाखरं डोळे झाकून घरटं न्यायची.

"अगं, तो टाका सुतारपक्ष्याकडून सावरीच्या खोडावर तुझ्या नावाने कोरून घे," शेजारची मुनिया म्हणाली.

"मला कुठला वेळ! आणि टाका माझा आहे, हे कुणाला माहीत नाही?"

रानाची रीत अशी होती की, खूण कोरण्याआधी सुतारपक्षी महिनाभर रोज सकाळी खोडावर टकटक करून विचारायचा, "नवी खूण नावावर चढवतोय. कुणाची हरकत आहे का?" यंदाची टकटक शिंपिणीनेही ऐकली. दुसऱ्या कुणाचं काहीतरी असेल म्हणून तिने शिवणीतून मान वर केली नाही.

एक दिवस मुनिया रडत आली. "लाल टाका बघून घरटं घेतलं गं! ते फाटलं, पिल्लाचा पंख मोडला!"

शिंपिणीने घरटं उलटसुलट पाहिलं. शिवण तिची नव्हती. टाका मात्र हुबेहूब तिचाच.

ती तडक सावरीपाशी गेली. खोडावर तिचा टाका कोरलेला होता, साळुंकीच्या नावाने.

"महिनाभर घसा फोडून विचारत होतो, बाई," सुतारपक्षी म्हणाला. "आता ही खूण साळुंकीची झाली. तुझ्या घरट्यांवरचे टाके उसव."

तेव्हापासून रानात कुठेही टकटक झाली की शिंपीण चोचीतला दोरा तसाच सोडते आणि ओरडत सुटते, "कुणाची खूण? दाखवा आधी, कुणाची?"