भानुदास कासाराचं वेबसाइटसारखं दुकान

बेलसरवाडीत एक भोळा कासार राहत होता. नाव भानुदास. बांगड्या भरताना त्याचा हात इतका हलका, की कितीही जाड मनगट असो, बाई हूं की चूं करायची नाही. डोकं मात्र त्याने फारसं वापरलेलं नव्हतं. ते काम बायको हौसा करायची आणि दोघांचं बरं चाललं होतं.

मग समोरच पोपटशेठने काचेच्या दाराचं चकचकीत दुकान काढलं. गावातल्या बायका तिकडे वळल्या आणि हौसाचा जीव खालीवर होऊ लागला.

भानुदासच्या बहिणीची मुलगी तेजल पुण्यात लोकांच्या धंद्यांच्या वेबसाइट करून द्यायची. तिने फोनवर सांगितलं, मामीने घाबरू नये, आपण दुकानाची झकास वेबसाइट करू. ती दिसायला कशी असावी तेही तिने मामाला समजावलं.

"मामा, हल्ली गर्दी कुणाला आवडत नाही. भरपूर रिकामी जागा सोडायची. मधोमध एकच वस्तू. डोळा बरोब्बर तिथे जातो."

भानुदासने मान डोलावली. विसरायला नको म्हणून उपरण्याला एक गाठ मारली. आता वेबसाइट होती पुण्यात आणि दुकान होतं हाताशी. तो लगेच कामाला लागला.

हौसा बाजारातून आली तर सगळा माल माळ्यावर. मांडण्या रिकाम्या. मधोमध पाटावर एक लाल बांगडी. दारात लोहाराची सून उभी होती आणि बाकीच्या बांगड्या कुठे गेल्या म्हणून विचारत होती.

"डोळा जातोय का तिथं?" भानुदासने विचारलं.

"जातोय की."

"मग झालं."

सुनेचा डोळा तिथे गेला, पण पाय समोर पोपटशेठकडे गेले.

फोनवर हे ऐकून तेजलने कपाळाला हात लावला. ते वेबसाइटचं सांगितलं होतं, दुकानाचं नव्हे, असं तिने बजावलं. भानुदास म्हणाला, चुकलंच माझं, पुढच्या खेपेला ध्यानात ठेवतो. मग तेजल म्हणाली की सध्या काळ्या पार्श्वभूमीची चलती आहे, अंधारात रंग कसे खुलून दिसतात. भानुदासने दुसरी गाठ मारली.

त्याने दुकान आतून काळं रंगवलं आणि खिडकीला घोंगडी लावली. दुपारी काळोखातून एक हात पुढे आला. भानुदासने तो धरला, दाबून माप घेतलं आणि गुणगुणत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. हाताचा धनी नको नको म्हणत होता. पण आधी नको म्हणणाऱ्या बायका भानुदासने पुष्कळ पाहिल्या होत्या.

बाहेर उजेडात आला तो पोस्टमन देवराम. पार्सलवर सही घ्यायला त्याने हात पुढे केला होता. कासाराने भरलेल्या बांगड्या अशा उतरवू नयेत म्हणून त्याच्या बायकोने त्या काढू दिल्या नाहीत, आणि देवराम किणकिणत टपाल वाटत फिरला.

"हात जरा राकट लागला," भानुदास हौसाला म्हणाला. "मला वाटलं, शेतात राबणारी असंल."

हौसाने घोंगडी ओढून काढली. भानुदास म्हणाला, चुकलंच माझं, पुढच्या खेपेला ध्यानात ठेवतो. तोवर तेजलने नवीन सांगितलं होतं. बघणाऱ्याचं बोट जवळ आलं की वस्तूने जराशी हालचाल करावी, जिवंतपणा वाटतो. तिसरी गाठ बसली.

दुसऱ्या दिवशी सरपंच शालनताई स्वतः आल्या. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि हिरवा चुडा भरायचा होता. त्यांनी एका बांगडीकडे हात नेला. बांगडी सरकली. त्यांनी पुन्हा हात नेला, बांगडी पुन्हा सरकली. बांगडीला दोरा होता आणि दोऱ्याचं टोक मांडणीमागे बसलेल्या भानुदासच्या हातात होतं. शालनताई फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, तिथे त्यांना धाप लागली आणि त्या पोपटशेठकडे निघाल्या.

हौसा रस्त्यात आडवी झाली. तुमच्या घरचा चुडा आजवर आमच्याच घराने भरला, हा गेला तर गावातली एकही बाई आमची पायरी चढणार नाही, दुकान मिटवावं लागेल, असं म्हणताना तिला रडू फुटलं. शालनताई विरघळल्या. एवढी एक संधी देते म्हणाल्या, पण या माणसाला लांब ठेव.

चुड्याच्या दिवशी हौसा सकाळीच लग्नघरी गेली. भानुदासने फक्त हिरव्या बांगड्यांच्या पेट्या आणून पोचवायच्या होत्या. तो निघणार तोच तेजलचा फोन आला.

"मामा, आता सगळं मोबाइलच्या लहान पडद्यासाठी आधी करतात. लहानाला नीट बसलं की मोठ्याला आपोआप पसरतं."

चौथी गाठ.

लग्नघरी बायका जमल्या. नवरी पाटावर बसली. भानुदासने पेट्या आणून ठेवल्या आणि हौसाने एक उघडली. आत सगळ्या पाळण्यातल्या बाळाच्या मापाच्या बांगड्या.

"आवं, हे काय?"

"थांब जरा. मोठं माणूस समोर आलं की पसरत्यात."

बायका थांबल्या. नवरीची आत्या तर एक बांगडी नवरीच्या हातासमोर धरून बराच वेळ वाट पाहत बसली. बांगडी काही पसरली नाही.

दुकानातल्या मोठ्या बांगड्या आणा, हौसा ओरडली. भानुदास म्हणाला, त्या कुठल्या? तेजलचा फोन ठेवला तोच दारात फिरता व्यापारी आला. दुकानातल्या सगळ्या मोठ्या बांगड्या देऊन त्याच्याकडून या घेतल्या. मोठं आपोआप होणारच आहे, तर ते साठवून कशाला ठेवायचं?

मुहूर्त टळत चालला होता. शालनताईंचा चेहरा बघवत नव्हता. हौसाने नवऱ्याचे दोन्ही खांदे धरले.

"पळत पोपटशेठकडं जावा. हिरवा चुडा घेऊन या. तो मागंल ते द्या, पण चुडा आणा."

भानुदास धावत गेला आणि धावत आला. पेटीभर सुंदर हिरव्या बांगड्या, बरोबर मापाच्या. हौसाने चुडा भरला, नवरी हसली, शालनताईंनी हौसाला पोटाशी धरलं आणि यापुढे गावातल्या सगळ्या लेकीसुनांचा चुडा तुमच्याच दुकानात असं सगळ्यांदेखत सांगितलं. हौसाने आनंदाने डोळे पुसले. नवऱ्याला आज पहिल्यांदाच काही बरोबर जमलं होतं.

"शहाणे माझे," ती म्हणाली. "काय मागितलं वो पोपटशेठनं?"

"दुकान."

"मग?" हौसाने विचारलं.

"मग किल्ली देऊन टाकली," भानुदास म्हणाला. त्याने हळूच उपरण्याची पाचवी, सगळ्यात मोठी गाठ सोडली आणि आतली वस्तू तिच्या हातावर ठेवली. "पण कुलूप नाही दिलं. तेवढा काय मी भोळा नाही."